ऑर्थोडॉक्स की रिफॉर्म? यहुदी धर्म स्वीकारू इच्छिणाऱ्यांसाठी

यहुदी धर्म स्वीकारण्याचा विचार करणाऱ्याला ऑर्थोडॉक्स आणि रिफॉर्म या पंथांत ईश्वराच्या कल्पनेवरून निवड करता येणार नाही, कारण ईश्वर एकच आहे अशी ग्वाही देणारी ‘शमा’ ही प्रार्थना दोन्हीकडे म्हटली जाते. खरा मतभेद तोराच्या, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाच्या, अधिकाराविषयी आहे.

ऑर्थोडॉक्स श्रद्धेनुसार लिखित तोरा आणि तिचे मौखिक विवरण ही दोन्ही सिनाय पर्वतावर मोशेला ईश्वराकडूनच मिळाली, त्यामुळे त्यातील आज्ञा काळानुसार रद्द होत नाहीत. बाराव्या शतकात यहुदी तत्त्वचिंतक मायमोनिडीस यांनी सांगितलेल्या तेरा तत्त्वांमध्ये तोरा अपरिवर्तनीय आहे, मसीहा (तारणहार) येईल आणि मृतांचे पुनरुत्थान होईल, असे स्पष्ट म्हटले आहे. रिफॉर्म पंथ तोरा ही ईश्वराचा शोध घेणाऱ्या माणसांनी घडवलेली मानतो; नीतिनियम बंधनकारक, पण विधींबाबत प्रत्येकाने अभ्यासपूर्वक निर्णय घ्यावा, अशी त्याची भूमिका आहे. अमेरिकेतील रिफॉर्म रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) १८८५ च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्याने आहारनियम कालबाह्य ठरवले होते, मात्र त्यांच्याच १९९९ च्या निवेदनाने सर्वच आज्ञांच्या अभ्यासाकडे पुन्हा लक्ष वेधले.

हा फरक शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, सर्वाधिक जाणवतो. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र होईपर्यंत ऑर्थोडॉक्स घरात विस्तव पेटवत नाहीत, लिहीत नाहीत, वाहन चालवत नाहीत. म्हणून घरसुद्धा सिनेगॉगपासून (प्रार्थनामंदिरापासून) पायी जाण्याच्या अंतरावर शोधावे लागते. ही शिस्त ज्याला ओझे नव्हे तर आधार वाटते, त्यानेच तो मार्ग धरावा. मनातून न मानलेल्या आज्ञा पाळण्याचे वचन बेथ दीनपुढे, म्हणजे तीन सदस्यांच्या धर्मन्यायपीठापुढे, देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. स्त्रीपुरुषांनी एकत्र बसून समान अधिकाराने प्रार्थना करावी, हे ज्याला तत्त्व म्हणून महत्त्वाचे वाटते, त्याला रिफॉर्म पंथ जवळचा वाटेल.

मात्र रिफॉर्म धर्मांतर ऑर्थोडॉक्स रब्बी मान्य करत नाहीत. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये देशात झालेली रिफॉर्म धर्मांतरे नागरिकत्वासाठी ग्राह्य धरली, तरी तिथले यहुदी विवाह ऑर्थोडॉक्स रब्बींच्याच अखत्यारीत आहेत. ही मान्यता किती मोलाची असते, हे कोकणातून तिथे गेलेल्या बेने इस्राएल यहुद्यांनी अनुभवले आहे: पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळूनही विवाहाच्या वेळी त्यांच्या यहुदीपणावर शंका घेतली गेली, आणि १९६४ मध्ये आंदोलनानंतरच ती मागे पडली.