पिशवीवरचं हिरवं पान मला १२,४८० रुपयांना पडलं

सांगायला लाज वाटते. माझं पोळी-भाजी केंद्र आहे. प्लॅस्टिकबंदीची टांगती तलवार, म्हणून ‘१०० टक्के कंपोस्टेबल’, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, पिशव्या घेतल्या. २२ किलो, ३४० रुपये किलोनं, झाले ७,४८०. पिशवीवर हिरवं पान, खाली ‘कुंडीत पुरा, खत मिळवा’.

गठ्ठा सोडला तेव्हाच कळायला हवं होतं. पिशवीवर सर्टिफिकेटचा नंबरच नव्हता. विचारलंही, “नंबर कुठंय?” विकणारा म्हणाला, “ताई, सर्टिफिकेट कंपनीच्या नावानं असतं, प्रत्येक पिशवीवर कशाला?” आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकली. मी ती उघडली. नाव भलत्याच कंपनीचं! पण दुपारचे साडेबारा, चाळीस डबे भरायचे राहिलेले. अशा वेळी कोण चष्मा लावून वाचत बसतं?

तर वाचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा नंबर आणि उत्पादकाचं नाव पिशवीवरच छापलेलं किंवा तिच्यावरच्या क्यूआर कोडमध्ये लागतं. नुसतं पान कुणीही छापतं.

तपासणी आली, पिशव्यांवर नंबर नाही म्हणून ५,००० दंड. पावती माझ्या नावाची, बनवणारा मोकळा! मग सुरू झाल्या तक्रारीच्या खेपा. एका कार्यालयात म्हणाले, लॅबचा रिपोर्ट आणा. तो कुणाच्या खर्चानं? दुसरीकडे म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या साहेबांनी तर कहर केला: “धंद्यासाठी घेतलंत, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही.” अहो, पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकच मानतो, ते मी त्यांना सांगायचं? ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रानं अशा हिरव्या थापांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या; ‘इको-फ्रेंडली’ म्हणायचं तर पुरावा द्या. त्यांना तो कागदच माहीत नव्हता. दुकानदाराच्या गल्ल्याशी येता, तसं एकदा कारखान्याच्या दाराशी जा की!

रोख देऊ नका, पक्कं बिल घ्या, त्यावर ‘कंपोस्टेबल’ लिहून घ्या. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी होती.

कुंडीचंही सांगते. कढीपत्त्याखाली पुरलेली पिशवी आठ महिन्यांनी काढली, धुतली, पान तस्संच. नंतर कळलं, खऱ्या कंपोस्टेबललाही खतप्रकल्पातली ५८ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. म्हणजे ते कुंडीचं वाक्यच थाप.

पिशव्या विकणाऱ्याचा फोन आता बंद लागतो. नऊ किलो पिशव्या माळ्यावर पडून आहेत. वापरल्या तर पुढचा दंड १०,०००. काल घंटागाडीवाल्याला द्यायला गेले, तर तो मलाच विचारतो, “ताई, ओल्यात टाकू की सुक्यात?”