उन्हात ठेवायची पाण्याची बाटली, तीन महिने वापरून

आमचं घर खानापूर तालुक्यात, पिण्याचं पाणी विहिरीचं. गेल्या पावसाळ्यात धाकट्याला जुलाब-उलट्या होऊन सलाईन लावायला लागली, तेव्हापासनं पाण्याची धास्तीच बसलीये, म्हणून मार्चमध्ये बेळगावातनं ही दोन लिटरची बाटली आणली, १,८५० रुपयांना. आत काचेची जाळी आहे आणि तिच्यावर टिटॅनियम डायऑक्साइडचा थर, भिंतीच्या पांढऱ्या पेंटमध्ये असतं तेच. त्याच्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की पाणी आणि त्यातला ऑक्सिजन यांच्यापासनं असे जहाल रेणू तयार होतात की ते जंतूंचं आवरणच फोडून टाकतात. १९७२ साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडांनी याच पदार्थावर उजेड पाडून पाण्याचं विघटन करून दाखवलं, जंतू मारायचं काम त्यानंतर १९८५ च्या सुमारास पुढं आलं.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं पैसे बुडाले. एच-टू-एसची तपासायची छोटी बाटली मिळते ना, विष्ठेतले जंतू असले की पाणी काळं होतं ती, त्यात हे पाणी भरून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी डांबरासारखं काळं. मग लक्षात आलं की बाटली मी अंगणात पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याखाली ठेवत होते, आणि तो पत्रा अतिनील किरण अडवतो, उजेड भरपूर दिसतो पण कामाचे किरण खाली येतच नाहीत! तिथनं उचलून गच्चीवर उघड्या उन्हात तीन तास ठेवली आणि परत तपासलं, दोन दिवस झाले तरी पाणी काळं झालं नाही. शेजारी साधी पारदर्शक प्लास्टिकची बाटलीपण ठेवलेली, तिला सहा तास लागले पण तिचंपण पाणी काळं झालं नाही. म्हणजे घरी कोणी बघणारं असेल आणि दिवसभर ऊन असेल तर फुकटची बाटलीपण चालते, ह्या बाटलीत वेळ वाचतो एवढंच, पण आमच्यासारख्या पाच माणसांच्या घरात दिवसात परत परत भरायची म्हटलं की तोच वेळ मोठा असतो.

दुकानदार म्हणालेला क्षारपण जातात, ते साफ खोटं, पातेल्यात पांढरा थर पूर्वीसारखाच बसतोय. क्लोरीनसारखं पाण्यात मागं काही उरत नाही, त्यामुळं शुद्ध केलेल्या पाण्यात कोणी हात किंवा तांब्या बुडवला की परत जंतू, आम्ही आता नळ असलेल्या पिंपातच ओततो. जाळी घासणीनं घासायची नाही, थर निघतो, आईंना हे दोनदा सांगायला लागलं.

मिरग लागल्यापासनं विहीर गढूळ आणि ऊन नाही, गढूळ पाण्यात किरण आत शिरतच नाहीत, म्हणून सध्या फडक्यानं गाळून उकळूनच पितोय आणि बाटली धुऊन वाळवून माळ्यावर ठेवलीये, दसऱ्याच्या आसपास काढीन.