होमर की सार्जंट: जलरंगाचा अभ्यास कोणापासून सुरू करावा?

जलरंगात हात बऱ्यापैकी बसल्यावर एखाद्या मोठ्या चित्रकाराचे काम सलग पाहावे असे वाटू लागते. अमेरिकी परंपरेत त्यासाठी विन्स्लो होमर (१८३६–१९१०) आणि जॉन सिंगर सार्जंट (१८५६–१९२५) ही दोन नावे हमखास पुढे येतात. माझा कौल होमरच्या बाजूने आहे. मात्र तो सर्वांना सारखाच लागू पडेल असे नाही.

होमर बोस्टनचा. लिथोग्राफीच्या (दगडावरून चित्रे छापण्याच्या) छापखान्यात उमेदवारी करून तो 'हार्पर्स वीकली'साठी चित्रे काढू लागला आणि अमेरिकी यादवी युद्धाचे चित्रणही त्याने याच साप्ताहिकासाठी केले. जलरंगाकडे तो गांभीर्याने वळला १८७३ मध्ये, ग्लॉस्टर या बंदरगावी, म्हणजे वयाच्या सदतिसाव्या वर्षी. ही सुरुवातीची चित्रे छोटी आहेत आणि त्यांतली रेषा अजून छापील चित्राची शिस्त सोडत नाही. पुढे १८८१-८२ मध्ये इंग्लंडच्या कलरकोट्स या कोळीवाड्यात राहिल्यावर आकृत्यांना वजन आले. त्यानंतर मेन राज्यातील प्राउट्स नेक येथे मुक्काम ठेवून तो ॲडिरोंडॅकची जंगले, बहामा, फ्लोरिडा, क्यूबेक येथे जात राहिला, आणि रंग मोकळा होत गेला. ही वाढ चित्रांमधून टप्प्याटप्प्याने दिसते, आणि शिकणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

शिवाय त्याची हत्यारे लपलेली नाहीत. वाळलेला रंग पुन्हा ओला करून टिपून घेणे, पात्याने खरवडून खालचा पांढरा कागद उघडा करणे, अशा युक्त्यांच्या खुणा कागदावर स्पष्ट राहतात. मासेमारीच्या चित्रांत हवेत वळसा घेणारी गळाची बारीक दोरी पाहावी: गडद झाडीचा रंग आधी पूर्ण लावून मग पात्याच्या एका ओढीत ती काढलेली असते. हे करून पाहायचे असेल तर जाड सुती कागदच घ्यावा. साध्या कागदाचा पापुद्रा निघतो आणि पुढचा रंग तेथे डागासारखा फुटतो.

सार्जंटची वाट अगदी वेगळी. फ्लॉरेन्समध्ये जन्मलेला आणि पॅरिसमध्ये कारोल्युस-द्युराँ या चित्रकाराकडे शिकलेला हा चित्रकार व्यक्तिचित्रांमुळे नावारूपाला आला होता. १९०० नंतर, आणि विशेषतः १९०७ च्या सुमारास व्यक्तिचित्रांची कामे घेणे जवळजवळ थांबवल्यावर, जलरंग त्याच्या कामाच्या केंद्राशी आला. १९०९ मध्ये ब्रुकलिनच्या संग्रहालयाने त्याची ८३ जलरंगचित्रे एकरकमी घेतली. कॉर्फूतील पांढऱ्या घराचे त्याच वर्षीचे चित्र घ्या. त्यात भिंतीवर झाडांच्या सावल्या पडल्या आहेत. सावलीत जांभळा, निळा आणि परावर्तित पिवळा एकमेकांत मिसळले आहेत, आणि भिंतीचा पांढरेपणा त्यांच्यामुळेच पटतो. प्रकाशाचा असा धडा होमरकडे क्वचितच मिळतो, हे मान्य करावेच लागेल.

अडचण अशी की सार्जंटचा प्रत्येक फटकारा आधीच्या अचूक रेखनावर उभा असतो. पेन्सिलीची आखणी, अपारदर्शक पांढरा, रंग धरू नये म्हणून लावलेले मेण, ही साधने तोही वापरतो. पण ती उचलून हाती फारसे काही लागत नाही, कारण आकार कुठे मोडतो याचे ज्ञान त्याच्या हातात तीसेक वर्षांच्या तैलचित्रांतून मुरलेले होते. ते नसताना नक्कल केली तर चमक येते आणि घराची भिंत मात्र उभी राहत नाही.

म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे प्रत्यक्षावरून रेखाटन केले आहे आणि ज्यांची अडचण केवळ रंग मळकट होण्याची आहे, त्यांनी बेधडक सार्जंटकडे जावे. ज्यांना वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर, कुठे थांबवावा, पांढरा कागद कुठे राखावा आणि चुकलेली जागा कशी सावरावी हेच अजून उमगत नाही, त्यांनी होमरची १८७३ ची ग्लॉस्टरची चित्रे आणि १८९९ चे बहामातील वादळानंतरचे चित्र शेजारी ठेवून पाहावे. बोस्टन, शिकागो आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर त्याची अनेक चित्रे मोठी करून पाहता येतात, तेव्हा छापील पुस्तकावाचून अडण्याचे कारण नाही.