दुबईचा लॅपटॉप, दहा महिन्यांनी : चार्जर जळाला आणि हिशेबही बदलला

स्पेसिफिकेशन लिहीत नाही, ती सगळीकडे आहेत. कोरल आणि इनडिझाइन ही डिझाइनची सॉफ्टवेअरं एकदम उघडली तरी मशीन अडत नाही, स्क्रीन उत्तम. कीबोर्डवर अरबी अक्षरं आहेत, त्यांवर मराठीचे स्टिकर लावले. माझा राग आहे तो पिनेवर.

दुबईत ब्रिटिश पद्धतीचे सॉकेट असतात, तीन जाड चौकोनी पिनांचे. त्या आपल्या बोर्डात जात नाहीत, म्हणून ऐंशी रुपयांचा कन्व्हर्टर घेतला. त्यात पिन लोंबायची. दिवसातून चार-पाचदा चार्जिंग तुटायचं, मी दाबून बसवायचो. ऑगस्टमध्ये गणेश मंडळाच्या स्मरणिकेची पानं लावत असताना ठिणगी उडाली, जळका वास आला आणि अडॅप्टर गेला. कन्व्हर्टरची एक बाजू काळी पडली होती.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, मशीन भारतात नोंदलेलं नाही, मूळ बिल पाठवा. बिल दुबईहून लॅपटॉप आणणाऱ्या मेहुण्याच्या नावावर, तिथल्या चलनात, म्हणजे दिरहममध्ये. बारा दिवस फोनाफोनी केली. शेवटी उत्तर आलं की बाहेरच्या कन्व्हर्टरमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. नव्या अडॅप्टरचे ३,६०० रुपये भरले. तो घेऊन गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "काका, भिंतीकडची वायर अडॅप्टरमधून सुटी निघते. आपल्या पिनेची दीडशेला मिळते." हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.

आता पैशाचं. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल असं जाहीर केलं. भाव चढतील या धास्तीने मी मेहुण्याला तिथून आणायला सांगितलं. इथे १,१८,००० चं मॉडेल तिथे ४,२०० दिरहमला, म्हणजे साधारण ९५,२०० ला मिळालं. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम्सविना आणता येतो, त्यामुळे विमानतळावर काही भरावं लागलं नाही.

हा फरक आयातशुल्काचा, असं मी सगळ्यांना सांगत होतो. ते चूक होतं. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे लॅपटॉपवर आपल्याकडे मूळ सीमाशुल्क शून्य आहे. (मोबाइलचं वेगळं, त्यावर तेव्हा २० टक्के होतं, जुलै २०२४ च्या बजेटात १५ झालं.) माझ्या २२,८०० च्या फरकात साडेतेरा हजार निव्वळ कराचे निघाले : आपला जीएसटी १८ टक्के, त्यांचा व्हॅट ५. उरलेल्या नऊ हजारांत वितरकांचं मार्जिन असणार आणि रुपयाची जोखीमही. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, त्यामुळे तिथल्या व्यापाऱ्याला डॉलर वधारण्याची भीती नाही. आपला व्यापारी ती भीती किमतीत धरतो.

खरा धक्का सीएने दिला. माझ्या डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याच्या) धंद्याला जीएसटी नंबर आहे. इथे पक्क्या बिलाने घेतला असता तर १८,००० चं इनपुट क्रेडिट मिळालं असतं, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी मला भरायच्या जीएसटीतून वळता झाला असता. म्हणजे मशीन लाखाला पडलं असतं. ४,८०० वाचले, त्यातले ३,६०० अडॅप्टरला गेले, शिवाय बिल माझ्या नावावर नसल्याने ४० टक्के घसाराही (मशीनच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट) दाखवता येत नाही.

ज्यांना नंबर नाही, त्यांना मात्र दुबई अजून परवडते. मुलीच्या कॉलेजसाठी मेहुण्याला पुन्हा सांगितलं आहे. आपल्या पिनेची वायर आधीच आणून कपाटात ठेवली आहे.