पहिला कयाक कॅम्प: देवबागची खाडी की पाळोळेचा समुद्र?

पावसाळा संपून समुद्र जरा शांत झाला की आमच्या पॅडलिंग क्लबात नवीन आलेला प्रत्येक जण हेच विचारतो, की दोन ट्रिपा आहेत, सुट्टी एकाच वीकेंडची मिळतेय, तर मालवणजवळच्या देवबागला जाऊ की दक्षिण गोव्यातल्या पाळोळेला. खरं तर बहुतेकांनी फोटो बघून पाळोळे ठरवलेलंच असतं, आपण फक्त हो म्हणायचं बाकी असतं. मी सहसा हो म्हणत नाही.

आधी पाण्याचं बोलू. देवबाग म्हणजे तारकर्लीच्या पुढची जमिनीची चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. क्लब खाडीतून वर आत जातो. हात भरून आले, कोणाला मळमळलं, नुसतं कंटाळा आला तरी काठ जवळ, माडाच्या सावलीला लागायचं आणि पाणी प्यायचं. पाळोळेची गोष्ट वेगळी. किनारा कमानीसारखा वळलेला, आतलं पाणी बऱ्यापैकी शांत, उत्तर टोकाला ते बेट जिथे ओहोटीला चालत जाता येतं, आणि त्याच्या पलीकडे बटरफ्लाय बीच, जेमतेम दोन-तीन किलोमीटर. हे अंतर ऐकूनच लोक फसतात, कारण एकदा बेट ओलांडलं की डावीकडे उघडा अरबी समुद्र आणि उजवीकडे खडप, त्यावर कालवं चिकटलेली, मध्येच उतरायचं म्हटलं तर पाय ठेवायला जागा नाही. खाडीतले आठ किलोमीटर मी नवख्या माणसाला हसत करायला लावीन, पण हे तीन नाही.

मग वारा. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे घोकले होते ना, ते इथे कामाला येतात. सीझनमध्ये सकाळी वारा जमिनीकडून येतो, मंद असतो, दुपारी समुद्राकडून चढतो आणि तीन-चारपर्यंत पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागतात. देवबागच्या ट्रिपचं सगळं गणित यावर बसवलेलं आहे, शनिवारी दुपारी खारा वारा पाठीवर घेऊन खाडीत वर जायचं, रात्री मुक्काम, आणि रविवारी सकाळी मतलई पाठीवर घेऊन परत. भरती-ओहोटीची वेळही जुळली तर वल्हं नुसतं पाण्यात टेकवत यायचं. पाळोळेला ही चैन नाही. तिथे सकाळी सातच्या आत निघायचं आणि अकराच्या आत वाळूवर परत, एवढंच. उशिरा उठणाऱ्या ग्रुपने तर तिथे जाऊच नये (आमचा ग्रुप तसाच आहे, म्हणून सांगतोय).

देवबागला मात्र एक जागा सांभाळायची, संगम. ओहोटीला खाडीचं पाणी जोरात बाहेर ओढतं आणि समोरून समुद्राच्या लाटा आत येतात, दोन्ही भिडल्या की लाटा उभ्या राहतात. लांबून दिसायला काहीच नसतं. ओहोटी चालू असताना तिकडे कयाक न्यायचा नाही, लीडर "चला जाऊन येऊ" म्हणाला तरी नाही.

तारीख निवडताना सगळ्यांना पौर्णिमा हवी असते, चांदणं, शेकोटी वगैरे. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी अकरा-बाराच्या सुमारास एक भरती आणि रात्री बाराच्या आसपास दुसरी, आणि पौर्णिमेला उधाण असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. गावागणिक वेळ थोडी मागेपुढे होते पण अंदाजाला पुरतं. एकदा आम्ही कोजागिरीनंतरच्या पौर्णिमेला काठालगत छान सपाट वाळू बघून तंबू ठोकले होते, साडेअकराला कोणाची तरी चप्पल तरंगत गेली तेव्हा जाग आली. नवख्यांनी अष्टमीच्या आसपासचा वीकेंड घ्यावा, भांगाची भरती असते, पाण्याची चढ-उतार कमी आणि ओढही कमी.

कॅम्पिंगच्या बाबतीत दोन्हीकडे स्वप्नं थोडी खाली आणा. पाळोळेला 'निर्जन बीचवर तंबू' हा प्रकार विसरा, बटरफ्लायची वाळू भरतीला इतकुशी उरते, आणि जवळचे आगोंद आणि गालजीबाग हे ऑलिव्ह रिडले कासवांचे किनारे आहेत, तिथे दिवे आणि तंबू घेऊन जाणं चूकच. शिवाय पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणं आणि स्वयंपाक करणं दोन्ही गोव्यात कायद्याने बंद आहे. त्यामुळे क्लब किनाऱ्यामागे कोणाच्या तरी आवारात तंबू लावतो, शेजारी शॅकचं म्युझिक फुकट. देवबागलाही त्सुनामी आयलंडवर मुक्काम वगैरे होत नाही, तो वाळूचा पट्टा आहे, भरतीला पाण्यात जातो. पण खाडीकाठी माडाच्या बागेत तंबू, घरमालकीण काकूंच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी, आणि रात्री खाडीत उड्या मारणाऱ्या माशांचा आवाज. इथे मी निःपक्षपाती नाही.

कयाकही वेगळे असतात. खाडीत सिट-ऑन-टॉप, म्हणजे वरच बसायचे, उलटला तर तुम्ही नुसते बाजूला पडता, परत चढायचं. समुद्राच्या ट्रिपला आमच्याकडे लांब, बंद कॉकपिटचे कयाक काढतात, सरळ चालतात, सामान आत मावतं, पण उलटल्यावर कमरेचा स्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून कॉकपिटवर ताणलेलं कापड) ओढून पाण्याखालून बाहेर यावं लागतं. ते आधी कमरेएवढ्या पाण्यात चार-पाच वेळा करून बघितलेलं नसेल तर पाळोळेच्या यादीत नाव देऊ नका, आणि कुठलाही क्लब ही प्रॅक्टिस न घेता समुद्रात नेत असेल तर पैसे परत मागा. पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट काढून ठेवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

हर्णैचं काय, असं पुणेकर विचारतातच. समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला किनाऱ्यावरून अगदी हाताशी वाटतो आणि हर्णैपर्यंत गाडीने जाता येतं, पण बंदरात मच्छीमार बोटींची सतत ये-जा, जाळ्यांचे बोये सगळीकडे, तर ते अनुभवी लोकांबरोबर एका दिवसाची ट्रिप म्हणून ठीक.

तर पहिल्यांदा जात असाल, घरातलं बारा-चौदा वर्षांचं पोर बरोबर असेल, किंवा नवरा-बायकोपैकी एकालाच उत्साह असेल, तर देवबाग. दोन-तीन खाडी ट्रिपा झाल्यात, पहाटे उठता येतं आणि लाटेत किनाऱ्याला लागताना कयाक आडवा होऊ न देता आणता येतो, तर पाळोळे खुशाल करा, त्या खडकांच्या बाजूने जाताना शेजारी डॉल्फिन दिसला की झोपमोड वसूल होते. देवबागसाठी कोकणकन्या किंवा तुतारीने कुडाळला उतरायचं, पुढे रिक्षा, पाळोळेसाठी मडगाव गाठून काणकोणची बस. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि वीकेंडची तिकिटं लगेच उडतात, तेव्हा आधी पंचांग बघून तिथी ठरवा आणि मगच तिकीट काढा, आम्ही दरवेळी उलटं करतो.