थकलेल्या माणसानं कुठे पडून राहावं: मिठाची टाकी, गरम पाण्याचं कुंड की समुद्र?

फ्लोट थेरपीचं, म्हणजे खूप मीठ विरघळवलेल्या कोमट पाण्याच्या बंद, अंधाऱ्या टाकीत तासभर तरंगत पडून राहण्याचं, नाव काढलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. समुद्र दारात असताना पैसे मोजून पाण्यावर झोपायला शहरात कशाला जायचं? त्यामागोमाग कुणीतरी म्हणतं, त्यापेक्षा उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर जा, अंग मोकळं होईल. दोन्ही सल्ले प्रेमाचेच असतात, पण हे तिन्ही प्रकार एकमेकांची जागा घेत नाहीत. आपलं नेमकं काय थकलंय, डोकं की पाठ, एवढं आधी ठरवा. निवड त्यावरच अवलंबून आहे.

टाकीपासून सुरुवात करू, कारण ती आपल्याला सगळ्यात अनोळखी. १९५४ साली अमेरिकेत जॉन लिली या शास्त्रज्ञानं हा प्रयोग पहिल्यांदा केला. बाहेरून काहीच जाणवेनासं झालं तर मेंदू काय करतो, हे त्यांना पाहायचं होतं. आजच्या टाकीत जेमतेम वीतभर, फार तर फूटभर पाणी असतं आणि त्यात शेकडो किलो एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवलेलं असतं. आपल्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्केच जड असतं. टाकीतलं पाणी पंचवीस टक्क्यांच्या आसपास जड असतं. फरक इथेच पडतो. समुद्रात उताणं पडलं की छाती फुगवून धरावी लागते, पाय हळूहळू खाली जातात, तोंडावर लाट येते. टाकीत बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही. ज्यांना पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते, त्यांनाही हे जमतं.

पाणी ३४ ते ३५ अंशांवर ठेवतात, म्हणजे कातडीइतकंच कोमट. पहिली दहा-पंधरा मिनिटं बहुतेकांची चुळबुळीत जातात. मानेचा पाण्यावर विश्वास बसत नाही आणि डोकं आपलं आपण उचलून धरलं जातं. हात डोक्याच्या वर नेऊन ठेवले की मान सैल पडायला मदत होते. मग केव्हातरी अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं हे कळेनासं होतं. अंधारात स्वतःचा श्वास आणि छातीतली धडधड स्पष्ट ऐकू येते. काहींना डोळा लागतो, काहींना किंचित मळमळतं. कोंडल्यासारखं वाटणाऱ्यांनी दार उघडं ठेवावं, दिवा चालू ठेवावा. त्यानं परिणाम थोडा उणावत असेल, पण घाबरून तास काढण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

फायद्याबद्दल मोठमोठे दावे केले जातात, म्हणून हा भाग जरा नीट बघायला हवा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा इथल्या संशोधकांनी चिंता आणि ताणाचे विकार असलेल्या ५० जणांना प्रत्येकी एकदा, एक तास टाकीत ठेवलं. बाहेर आल्यावर त्यांची चिंता बरीच उतरलेली होती आणि मन शांत झालं होतं. हा परिणाम लगेचचा होता. तो किती दिवस टिकतो हे एका तासाच्या प्रयोगावरून ठरत नाही. उलट २०२१ मध्ये जर्मनीत जुनाट दुखण्याच्या ९९ रुग्णांवर चाचणी झाली. तिथे दीर्घकाळ आराम पडल्याचं दिसलं नाही. तात्पुरतं बरं वाटलं, पण तुलनेसाठी नुसत्या नावापुरत्या टाकीत झोपवलेल्यांनाही तसंच वाटलं. मीठ कातडीतून आत शिरून शरीरातलं मॅग्नेशियम भरून काढतं, या म्हणण्यालाही भक्कम आधार नाही. तेव्हा सतत पळणाऱ्या डोक्याला तासभर थांबा हवा असेल तर टाकीला जरूर जा. गुडघेदुखी आणि कंबरदुखीसाठी एवढा खर्च आणि प्रवास करू नका.

त्यासाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वराकडची तुरळ, राजवाडी आणि आरवली, राजापूरचं उन्हाळे, महाडजवळचं सव, पालीजवळचं उन्हेरे: कोकणपट्टीत ही उभी रांगच आहे. इथे ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि भेगांतूनच वर येतं. उन्हवऱ्याच्या झऱ्याचं पाणी तर सत्तर अंशांच्या घरात असतं, म्हणून उगमात पाय घालायचा नसतो. आंघोळीच्या कुंडातही आधी हातानं अंदाज घ्यावा. इथे काम उष्णता करते. रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सुटतात. भातलावणीनंतर वाकलेल्या पाठीला जो आराम इथे मिळतो तो टाकी देणार नाही. पण डोकं शांत होईलच असं नाही. गंधकाचा वास असतो, शेजारी माणसं बोलत असतात, सुट्टीच्या दिवशी तर जत्राच. दहा-पंधरा मिनिटं पुरे. उठताना घाई केली तर घेरी येते. हृदयविकार, गरोदरपण, किंवा मधुमेहानं पायांची जाणीव कमी झालेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

समुद्राबद्दल मी थोडक्यातच सांगेन. मला तो फार प्रिय आहे, आणि तरीही विश्रांतीचा उपाय म्हणून मी तो सुचवत नाही. पाण्यात डोळे मिटून भान सोडणं ही टाकीची अटच आहे, आणि समुद्रात नेमकं तेच करायचं नसतं. तरी मोह होतोच. मग भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असणारे दिवस निवडा, उधाणाचे नव्हे. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ ढोबळमानानं कळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, आणि तेव्हा भांग असल्यानं ओढही कमी असते. भरती पुरती भरल्यावर पाणी थोडा वेळ थबकतं, तेवढ्यातच कमरेइतक्या पाण्यात आडवं व्हावं, तेही त्या किनाऱ्याची ओढ ओळखणारा गावातला माणूस शेजारी उभा असताना. खाडीच्या मुखाशी नको. गणपतीपुळ्यासारख्या, पाणी झटकन खोल होणाऱ्या ठिकाणी नको. आणि पावसाळ्यात तर कुठेच नको.

टाकीच ठरली असेल तर परतीचा विचार आधी करा. शांत होऊन बाहेर यायचं आणि लगेच रात्रीच्या एसटीत सात-आठ तास हाडं खिळखिळी करून घ्यायची, यात कमावलेलं बरंचसं वाटेतच सांडतं. शहरात नातेवाईक असतील तर रात्र तिथेच काढा. त्या दिवशी दाढी करू नका, वॅक्सिंग नको, केस नुकतेच रंगवलेले नकोत. बारीकशी खरचटही या मिठात झोंबते. तिथे व्हॅसलीन लावावं. मोठी जखम, कातडीचा संसर्ग, फिट्स येणं किंवा रक्तदाब फार कमी असणं, यांपैकी काही असेल तर बेत पुढे ढकला आणि डॉक्टरांशी बोला. वेळ ठरवताना केंद्राला तीन गोष्टी विचारा: प्रत्येक माणसानंतर पाणी कसं गाळतात आणि निर्जंतुक करतात, दार आतून सहज उघडतं का, आणि दिवा आपल्या हातात असतो का. पहिल्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर मिळालं तर दुसरं केंद्र शोधा.