हाताने घडवलेल्या कपाटाची किंमत: बनवण्याचा खर्च की बाजारभाव?

मापानुसार करून घेतलेल्या फर्निचरचं मोल दोन प्रकारे काढता येतं. पहिल्यात प्रश्न असा: हीच वस्तू आज पुन्हा करून घ्यायची तर किती पैसे लागतील? लाकूड, कारागिराचे दिवस, पॉलिश, कड्या-बिजागऱ्या, सगळं धरायचं. विम्यासाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. पण त्यासाठी वस्तू नीट पाहावी लागते. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यात डव्हटेल सांधा (पक्ष्याच्या शेपटीसारखे, एकमेकांत अडकणारे लाकडी दाते) आहे की नुसते स्क्रू? हाताने कापलेल्या सांध्यांत किंचित असमानता दिसते, आणि ती मला फार प्रिय आहे. फळीच्या कडेवरच्या लाकडाच्या रेषा वरच्या पृष्ठभागाशी जुळत नसतील, तर तो बहुधा व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर. तरी व्हिनिअर म्हणजे हलकं काम, असं मुळीच नाही.

दुसरा मार्ग बाजारभावाचा: तशाच वस्तू प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या? मागितलेली किंमत इथे धरू नये. विक्री किंवा वाटणीसाठी हाच आकडा खरा. तो सहसा खर्चापेक्षा कमी येतो, कारण तुमच्या भिंतीच्या मापाचं कपाट दुसऱ्याच्या घरात बसेलच असं नाही. मापाने शिवलेल्या पडद्यांच्या आणि गाद्यांच्या किमतीतली घट तर आणखी मोठी. कारागीर नावाजलेला असेल आणि त्याचं बिल जपलेलं असेल, तर मात्र हा आकडा खर्चाच्याही वर जाऊ शकतो.